कारीचा कागद, उत्रोलीचा डाग

निवडणुका आल्या की महाराष्ट्रात दोन नावे हमखास सभेत उतरतात: सूर्याजी पिसाळ आणि खंडोजी खोपडे. पक्ष बदललेल्या माणसाला हिणवायचे तर वक्त्याला फार शोधाशोध करावी लागत नाही. यातल्या दुसऱ्या नावाचे गाव म्हणजे भोरजवळचे उत्रोली. जुन्या कागदांत ते उत्रवळी असेही येते. खोपडे हे तिथले देशमुख. खंडोजी अफजलखानाला मिळाला आणि पुढे त्याचा हात-पाय तोडला, एवढे शाळकरी पोरही सांगते. पण ही हकीकत आपल्यापर्यंत आली कोणाच्या तोंडून? याचे उत्तर उत्रोलीत मिळत नाही. त्यासाठी रायरेश्वराच्या अंगाला असलेल्या कारी गावात जावे लागते, कान्होजी जेध्यांच्या वाड्यात. म्हणजे खोपड्यांच्या शेजाऱ्यांकडे आणि वतनातल्या प्रतिस्पर्ध्यांकडे.

हा शेजार कसला होता, ते आधी पाहू. नीरेच्या वरच्या अंगाचे खोरे म्हणजे रोहिडखोरे, बारा मावळांपैकी एक. डोक्यावर रोहिडा किल्ला. या खोऱ्याची देशमुखी एका घरात नव्हती. तर्फ भोर कारीच्या जेध्यांकडे आणि तर्फ उत्रोली खोपड्यांकडे, अशी ती वाटलेली होती. पलीकडे हिरडस मावळात बांदल आणि गुंजण मावळात शिळीमकर. देशमुखाने आपल्या तर्फेचा वसूल गोळा करायचा, बंदोबस्त ठेवायचा, वेळ पडली की माणसे घेऊन सरकारच्या मोहिमेवर जायचे आणि त्याबद्दल हक्क-लवाजमा खायचा. सरकार निजामशाहीचे असो की आदिलशाहीचे, देशमुख आपल्या जागी कायम. त्यामुळे विजापूरचा सुलतान लांबचा वाटे, पण शेजारचा देशमुख रोज नजरेसमोर असे. कोणाची गुरे कोणाच्या रानात गेली, सणाला पहिला मान कोणाचा, कोणत्या गावावर कोणाचा हक्क, यावरून तलवारी उपसल्या जात. मावळच्या जुन्या महजरांत असे तंटे भरलेले आहेत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आशय असा की वतनदार हे लहान प्रमाणावर राजेच असतात, राज्याचे वाटेकरी असतात. बळकट झाले की दुसऱ्याचे ओढावे ही त्यांची सहजबुद्धी, आणि परचक्र आले की वतनाच्या आशेने शत्रूशी आधी संधान बांधणारेही तेच. म्हणून त्यांना मोकळे सोडू नये आणि पुरते उखडूही नये. अमात्यांनी हे लिहिले ते १८ व्या शतकाच्या आरंभी, पन्नासेक वर्षांचा अनुभव गाठीशी बांधून. कारी आणि उत्रोलीची गोष्ट त्यांच्यासमोर नसेल असे मला वाटत नाही. राज्यकर्ता म्हणून ते जो रोग सांगतात, त्याचे रोहिडखोरे हे नमुन्याचे उदाहरण आहे. जेधे-खोपडे संबंधांकडे भाऊबंदकी म्हणून पाहिले तर फारसे काही हाती लागत नाही. मोठ्या सत्तेच्या सावलीत राहणाऱ्या दोन चिमुकल्या राज्यांचे संबंध म्हणून पाहिले, की १६५९ सालचे दोन्ही निर्णय उलगडू लागतात.

आता कागद. जेध्यांच्या घरातले तीन ऐवज महत्त्वाचे: शकावली, करीना आणि अस्सल पत्रांचा संग्रह. शकावली म्हणजे सालवार टिपणे. एखाद्या चोख कारकुनाने ठेवावीत तशी कोरडी, मितीनिशी. लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेध्यांकडून ती मिळवली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात ती छापली गेली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, ही नोंद याच शकावलीतली. ती उजेडात आली तेव्हा जन्मतिथीच्या वादात केवढा धुरळा उडाला, ते जाणकारांना ठाऊक आहे. पुढे सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरात सापडलेल्या शिवभारतात तीच तिथी निघाली आणि शकावलीची पत वाढली. शके १५४० पासून १६१९ पर्यंतचा तिचा पल्ला आहे. मोठ्या राजकारणाच्या मित्या ती नेमक्या देते, आणि मध्येच जेध्यांच्या घरातली एखादी गोष्टही टिपते.

करीना वेगळ्या जातीचा. करीना म्हणजे हकीकत. घराण्याने आपली पूर्वपीठिका, आपली सेवा, आपला हक्क असा सांगितलेला असतो की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. असे कागद बहुधा वतनाचा प्रश्न उपस्थित झाला की लिहिले जातात. जेधे करीन्याचा आरंभ भाऊबंदांतल्या रक्तपाताने होतो. पोरक्या कान्होजीला मोसे खोऱ्याच्या बाजी पासलकरांचा आधार मिळतो आणि पुढे तेच त्याचे सासरे होतात. हे सारे सांगणारा माणूस निःपक्षपाती साक्षीदार नाही, तो एका बाजूचा वकील आहे. वकिलाचे सगळे खोटे असते असे नव्हे. तो काय सांगतो आणि काय गाळतो, दोन्ही वाचावे लागते.

तिसरा ऐवज पत्रांचा. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पंधराव्या खंडात मावळातल्या घराण्यांची पत्रे छापली, त्यात रोहिडखोरे ठळकपणे आहे. या खोऱ्याचे देशकुलकर्णी दादाजी नरसप्रभू यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, रोहिरेश्वराच्या साक्षीचे, शके १५६७ चे, तेही याच खंडातले. त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत आणि माझ्या मते ते वाद रास्त आहेत. म्हणून इथे मी त्याचा आधार घेत नाही. जेध्यांना १६५९ मध्ये आलेल्या आदिलशाही फर्मानाची गोष्ट निराळी.

त्या फर्मानाकडे वळण्यापूर्वी कान्होजींचा तोवरचा प्रवास थोडक्यात सांगायला हवा. ते आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या हाताखाली होते. १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यानंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले, तेव्हा कान्होजी त्यांच्याकडे आले. १६४८ च्या जुलैत जिंजीपाशी शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा कान्होजी आणि दादाजी कृष्ण लोहोकरे यांनाही अटक झाली. पुढच्या वर्षी, १६ मे १६४९ ला, सुटका. करीना सांगतो की सुटल्यावर शहाजीराजांनी कान्होजींना मावळात परत पाठवले आणि शपथ घातली: तुम्ही शिवाजीराजांच्या मुलखात आहात, तेव्हा विजापूरची फौज येवो की मोगलांची, तुम्ही इमानाने त्यांच्या बाजूला राहायचे. करीन्यातला हा प्रसंग पुढच्या साऱ्या गोष्टीचा पाया आहे आणि लिहिणाऱ्याला ते नेमके कळत होते. कान्होजींची निष्ठा दोन पिढ्यांची आणि शपथेची. खोपड्यांना अशी शपथ कोणी घातली नव्हती.

१६५६ च्या जानेवारीत जावळी पडली, तेव्हा कान्होजी मावळच्या देशमुखांचा जमाव घेऊन महाराजांबरोबर होते. म्हणजे अफजलखान येण्यापूर्वी किमान तीन वर्षे कारीने आपली बाजू ठरवून टाकली होती. पण खोऱ्यावरचे आदिलशाहीचे वजन अजून सरले नव्हते. रोहिड्याच्या तिसऱ्या दरवाजावर फार्सी आणि मराठी शिलालेख आहेत. मुहम्मद आदिलशहाच्या काळात, १६५६ च्या मे महिन्यात, तिथे बांधकाम झाल्याचे त्यावरून दिसते. जावळी महाराजांकडे गेल्यावर अवघ्या चार महिन्यांनी डोक्यावरच्या किल्ल्याच्या दरवाजात विजापूरच्या सुलतानाचे नाव कोरले गेले. उत्रोलीतून रोहिड्याकडे पाहणाऱ्या देशमुखाला या खोऱ्याचा धनी कोण वाटला असेल, हा प्रश्न त्या दगडासमोर उभे राहून विचारायला हवा.

फर्मान आले ते १६ जून १६५९ चे, ५ शव्वाल १०६९ चे. अली आदिलशहाकडून कान्होजी जेध्यांच्या नावे. आशय असा: शिवाजीने अविचाराने निजामशाही कोकणातल्या मुसलमानांना उपद्रव दिला, लूट केली, बादशाही मुलखातले किल्ले बळकावले. म्हणून त्याच्या पारिपत्यासाठी अफजलखानाला त्या प्रांताच्या सुभेदारीवर पाठवले आहे. तुम्ही खानाच्या हुकमात राहून शिवाजीचा पराभव करावा, त्याच्या माणसांना थारा देऊ नये, त्यांना नेस्तनाबूत करावे. खान तुमची शिफारस करील त्याप्रमाणे तुमची सरफराजी होईल. न ऐकाल तर परिणाम बरा होणार नाही, हेही शब्दाशब्दांतून लोंबते आहे.

फर्मानातला खान मावळच्या देशमुखांना परका नव्हता. अफजलखान पूर्वी वाईचा सुभेदार होता. उत्रोली आणि वाई यांच्यामध्ये मांढरदेवीची डोंगररांग काय ती आडवी. खिंड ओलांडली की वाईचा घाट. खान वाईत तळ देऊन बसला, म्हणजे खोपड्यांच्या परसात येऊन बसला. त्याच्यापाशी विजापूरची मोठी फौज, हत्ती, तोफा. महाराज तेव्हा एकोणतीस वर्षांचे, जावळीच्या रानात. आज निकाल माहीत असल्याने प्रतापगडाची लढाई आपल्याला ठरल्यासारखी वाटते. १६५९ च्या पावसाळ्यात, आपल्या वाड्यात बसून हिशेब करणाऱ्या कोणत्याही देशमुखाला ती तशी वाटणे शक्य नव्हते.

कान्होजींनी फर्मान घेतले आणि पाच मुलांसह महाराजांकडे गेले. करीन्यातला हा प्रसंग जवळून वाचण्यासारखा आहे. कान्होजी फर्मान पुढे ठेवतात. महाराज त्यांना लगेच आपल्या बाजूला ओढत नाहीत, उलट परीक्षा घेतात. तुमच्या शेजारचे खोपडे खानाकडे गेले. तुम्ही इथे राहिलात तर वतन जाईल, जिवावर बेतेल. तेव्हा तुम्हीही जावे. कान्होजी म्हणतात, शहाजीराजांना दिलेली शपथ आहे, ती मोडणार नाही. वतन गेले तरी बेहत्तर. आणि हातावर पाणी घेऊन ते वतनावर सोडतात. मग महाराज त्यांना बायकामुले ढमढेऱ्यांच्या तळेगावी हलवायला सांगतात आणि बाकीच्या मावळच्या देशमुखांना वळवण्याचे काम त्यांच्यावर सोपवतात.

या प्रसंगातले नाट्य लिहिणाऱ्याने रंगवले असेल. पण दोन तपशील रंगवलेले वाटत नाहीत. एक, कुटुंब सुरक्षित जागी हलवण्याची सूचना. हा व्यवहार आहे, अलंकार नव्हे. कारी खानाच्या माऱ्यात होती आणि शेजारी शत्रूकडे गेला होता. दुसरा, महाराजांच्या तोंडी आधी आलेले खोपड्यांचे नाव. मावळात डझनभर देशमुख असताना उल्लेख उत्रोलीचाच झाला. कारण कान्होजींसाठी खरा प्रश्न विजापूरचा नव्हताच. खान जिंकला असता तर रोहिडखोऱ्याची सगळी देशमुखी खोपड्यांच्या घरात गेली असती. हरला तर उलट. कान्होजींनी वतनावर पाणी सोडले ते खरे, पण त्याच पाण्याने शेजाऱ्याचे वतनही पणाला लागले.

खंडोजीचा हिशेबही नेमका हाच. यदुनाथ सरकारांनी नोंदवले आहे की खोपड्याने खानाला लेखी कबुली दिली: शिवाजीला धरून देतो, मला देशमुखी द्यावी. ही मागणी लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने जहागीर मागितली नाही, मनसब मागितली नाही, विजापूरला जाऊन सरदारकीही मागितली नाही. मागितले ते शेजारच्या घराचे वतन. खोपड्यांच्या घरात केदारजी आणि खंडोजी ही दोन नावे कागदांत पुढे येतात, आणि घरातल्या घरातही सगळे सुरळीत नव्हते. अशा घरातून एक माणूस मोठ्या फौजेच्या आडोशाला गेला, याला मी फितुरीच म्हणतो. फक्त ती फितुरी कोणत्या मातीतून उगवली तेही सांगायला हवे. खानाच्या छावणीत भोसल्यांच्या भाऊबंदांतले मंबाजी होते, झुंजारराव घाटगे होते. मराठा देशमुख-सरदारांची तिथे कमतरता नव्हती. खंडोजी एकटा पडला तो नंतर, गोष्ट सांगताना.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, गुरुवार. १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाखाली खान मारला गेला, आणि पारच्या तळावर मावळच्या जमावांनी हल्ला चढवला, त्यांत जेधे आणि बांदल होते. या दिवसाबद्दल इथे जास्त लिहिण्याचे कारण नाही, त्यावर ग्रंथ आहेत. आपल्याला हवा आहे तो पळणारा फाजलखान.

खानाचा मुलगा फाजल निसटला कसा? सभासद, जो या घटनेच्या सर्वांत जवळचा बखरकार, सांगतो की तो पायाला चिंध्या बांधून झाडीतून पळाला. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात मात्र एक वाटाड्या येतो: महाराजांचाच एक माणूस लाच घेऊन खानाच्या बायको-मुलाला कोयनेच्या काठाकाठाने कऱ्हाडला पोचवतो, आणि पुढे महाराज त्याला ठार मारवतात. डफ त्याचे नाव देतो खंडोजी काकडे. यदुनाथ सरकारांकडे हाच वाटाड्या खंडोजी खोपडे होतो. नाव एक, आडनावे दोन. एकाच्या नशिबी मृत्युदंड, दुसऱ्याच्या नशिबी हात-पाय. मला वाटते, दोन वेगळ्या गोष्टींची इथे सरमिसळ झाली आहे. खंडोजी खोपडे खानाकडे गेला हे पक्के. फाजलला त्याने वाट दाखवली हा आरोप त्याच पायावर उभा नाही, आणि साधार लिहिणाऱ्याने तो तितक्याच ठामपणे सांगू नये. आज चित्रपटात आणि पोवाड्याच्या ओघात दोन्ही एका दमात येतात.

पुढचा भाग पुन्हा करीन्याचा, आणि तो या सगळ्या कहाणीत सर्वांत गुंतागुंतीचा आहे. लढाईनंतर खंडोजी रानोमाळ लपला. त्याचे सोयरे गुंजण मावळचे हैबतराव शिळीमकर. खोपड्यांनी शिळीमकरांमार्फत मध्यस्थीचा निरोप पाठवला, तो कोणाकडे? कान्होजींकडे. ज्याची देशमुखी गिळायला निघाला होता त्याच्याचकडे. आणि कान्होजींनी ती मध्यस्थी केली. महाराजांकडे रदबदली करून अभय मिळवले. खंडोजी दरबारात येऊ-जाऊ लागला. एके दिवशी महाराजांनी त्याला पाहून हुकूम दिला: उजवा हात आणि डावा पाय तोडावा. कान्होजींना हे लागले. आपला शब्द गेला म्हणून त्यांनी महाराजांपाशी विषय काढला. महाराजांचे उत्तर असे की तुमच्या शब्दाखातरच जीव राखला. पण गुन्ह्याला काहीच शासन केले नाही तर चालणार कसे?

ज्या पायाने शत्रूकडे गेला तो पाय आणि ज्या हातात शस्त्र धरले तो हात, असा खुलासा लोक जोडतात. सांगायला छान आहे. पण शिक्षेचा हा प्रकार त्या काळात नवा नव्हता, आणि त्याचा दाखला याच भोर तालुक्यात आहे. रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने बदअंमल केला, म्हणून महाराजांनी त्याचे हात-पाय तोडवले. २८ जानेवारी १६४६ चे ते पत्र उपलब्ध आहे. त्याचा शेवट लोक विसरतात: पाटीलकी जप्त झाली खरी, पण ती परक्याला गेली नाही; त्याच गुजर घरातल्या सोनजीला दंड घेऊन दिली गेली. शिक्षा माणसाला झाली, वतन घरात राहिले. उत्रोलीतही बहुतांशी तेच घडलेले दिसते. पुढच्या काळातल्या कागदांत खोपडे देशमुख भेटतच राहतात. वैऱ्याचे घर मुळासकट उपटण्याची सत्ता हातात असताना महाराजांनी ते केले नाही. अमात्य ज्याला मोकळे सोडू नये आणि उखडूही नये म्हणतात, त्याची अंमलबजावणी ही.

कान्होजींच्या मध्यस्थीकडे मी दोनदा पाहतो. करीना ती उदारपणा म्हणून सांगतो, आणि असेलही. पण देशमुखांच्या जगात सोयरीक, गोत आणि शब्द यांचे एक वेगळे न्यायालय असे. शिळीमकर मध्ये पडले म्हटल्यावर कान्होजींना नाही म्हणणे जड होते. उद्या आपल्या घरातला कोणी चुकला तर हेच शिळीमकर आपल्यासाठी उभे राहतील, हा हिशेब होताच. महाराजांनी हात-पाय तोडून हे जाहीर केले की गोताचा शब्द चालेल तो जीव वाचवण्यापुरता, शासन राजाचे. पुढच्या काळात सभासद सांगतो तसे देशमुखांचे हुडे-कोट पाडले गेले, साधी घरे बांधून राहायला सांगितले गेले, हक्क ठरवून दिले गेले. ते जेध्यांनाही लागू आणि खोपड्यांनाही. १६५९ चा विजय कारीचा होता, पण त्यानंतर कारी पूर्वीसारखी स्वतंत्र राहिली नाही.

दुसऱ्या शेजाऱ्याशी, बांदलांशी, जेध्यांचे काय झाले ते ताडून पाहावे. प्रतापगडानंतर दरबारात तलवारीच्या पहिल्या मानाचा हक्क जेध्यांना मिळाला. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे पडले, तेव्हा तो मान बांदलांना द्यावा असे ठरले आणि कान्होजींनी तो सोडला. मानासाठी मावळात मुडदे पडत, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट लहान नाही. शेजाऱ्यांचे वैर संपवायला राजाकडे दोन वाटा होत्या. उत्रोलीच्या वाट्याला एक आली, बांदलांच्या दुसरी.

तीस वर्षांनी चित्र कसे पालटले पाहा. संभाजी महाराजांच्या काळात मोगल मावळच्या तोंडाशी आले आणि जेध्यांच्याच घरातले शिवाजी जेधे त्यांना जाऊन मिळाले. कान्होजींचे वारस सर्जेराव जेधे यांना महाराजांनी त्याबद्दल पत्रातून खडसावले. राजाराम महाराजांनी जिंजीहून २२ मार्च १६९० ला बाजी सर्जेराव जेध्यांना लिहिलेले पत्र तर समजावणीचेच आहे: आम्ही कर्नाटकात सुखरूप पोचलो, फौज जमते आहे, औरंगजेब लोकांना बाटवतो आहे, तेव्हा तुम्ही आपला जमाव घेऊन उभे राहावे. ज्या घराने १६५९ मध्ये वतनावर पाणी सोडले, त्या घराला १६९० मध्ये अशी पत्रे लिहावी लागली. जेध्यांच्या घरातल्या या फुटीला कोणी शिवी केले नाही. शिवाजी जेधे हे नाव सभेत ऐकू येत नाही. ते योग्यच आहे. पण मग मोजमाप एकच हवे.

पुढे हा मुलूख सचिवांकडे गेला. सचिव शंकराजी नारायण १७०७ मध्ये आंबवड्यास वारले, ताराबाई आणि शाहू यांच्या ओढाताणीत जीव नकोसा होऊन. कान्होजींची समाधीही आंबवड्यालाच आहे. भोर संस्थान झाले आणि १९४८ मध्ये विलीन झाले. देशमुख्या कधीच पोकळ झाल्या होत्या.

शेजारी देशमुखांसारखेच शेजारी देशांच्या इतिहासातही कागद कोणाकडे आहे यावर फार अवलंबून असते. आग्नेय आशियात थायलंड आणि कंबोडिया यांच्यामध्ये डांगरेक डोंगराच्या कड्यावर प्रेह विहार नावाचे जुने शिवमंदिर आहे. १९०४ च्या करारात सीमा पाणलोटावरून ठरली होती, पण १९०७ च्या सुमारास फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला पडले. त्या वेळच्या सयामने नकाशा ठेवून घेतला आणि वर्षानुवर्षे हरकत नोंदवली नाही. १५ जून १९६२ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच नकाशाच्या बळावर मंदिर कंबोडियाला दिले. थायलंडमध्ये अजूनही तो निकाल बोचतो. कागद करणारा आणि जपणारा जिंकतो. गप्प बसणारा हरतो, मग डोंगराचा उतार काही का सांगेना.

रोहिडखोऱ्यातही असेच झाले. जेध्यांनी शकावली ठेवली, करीना लिहून घेतला, फर्मान जपले आणि योग्य वेळी शकावली टिळकांच्या हाती दिली. त्यांचे त्याबद्दल उपकारच मानले पाहिजेत. कागदांचा तो रुमाल कारीत राहिला नसता तर शिवजन्माची तिथीही आज वादात असती. पण त्या रुमालातून उत्रोलीचे जे चित्र निघते ते शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहिलेले आहे. त्यात खंडोजीचा गुन्हा दिसतो आणि तो खरा आहे. त्याच घरातली बाकीची माणसे, १६५९ पूर्वीची आणि नंतरची त्यांची चाकरी, केदारजी-खंडोजींमधले तंटे, हे सारे करीन्याच्या कडेला राहून जाते. एका माणसाच्या फितुरीचा डाग तीनशे साठ वर्षे एका गावाच्या आडनावाला चिकटून राहावा, हा इतिहासाचा निकाल नाही. ही सभेतल्या वक्त्यांची सोय आहे.

उत्रोलीत, भोरच्या पेठांत, मावळातल्या जुन्या वाड्यांत अजून माळ्यावर मोडीचे रुमाल पडून असतात. घर पाडताना ते रद्दीत जातात, किंवा ‘वाचता येत नाही’ म्हणून नदीत सोडले जातात. वाचणारी माणसे पुण्यात आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागार आहे. तुमच्या घरात असा रुमाल असेल, आडनाव जेधे असो, खोपडे असो, शिळीमकर असो की बांदल, तर तो उघडू द्या. कागद देऊ नका हवे तर, पण त्याचे छायाचित्र तेवढे काढू द्या. उत्रोलीची बाजू कारीच्या वकिलाने मांडली आहे. उत्रोलीच्या वकिलाचा कागद मिळाला तर तोही तितक्याच कठोरपणे तपासला पाहिजे.